महूचे स्मरण आणि लोकप्रतिनिधीचा आठवडा

दरवर्षी १४ एप्रिलचा दिवस जवळ आला म्हणजे इंदूरजवळच्या महू या छावणीच्या गावाकडे देशातील यच्चयावत पक्षांच्या पुढाऱ्यांची पावले वळू लागतात. १८९१ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तेथे झाला. २००३ साली गावाला त्यांचे नाव देण्यात आले आणि जन्मस्थानी भव्य स्मारकही उभे राहिले. तेथे हार पडतात, भाषणे होतात, राज्यघटनेच्या आणाभाका घेतल्या जातात. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि पुढारी आपापल्या उद्योगाला लागतात. त्यांच्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या सभागृहाचे सभासद असतात. ज्यांच्या पुतळ्यापुढे ते नतमस्तक होतात ते बाबासाहेबही, मधले काही खंड सोडले तर, १९२७ पासून १९५६ पर्यंत या ना त्या विधिमंडळात बसत होते. घटनेचे शिल्पकार म्हणून, दलितांचे उद्धारकर्ते म्हणून त्यांचे गुणगान पुष्कळ होते. परंतु सभागृहाचा एक साधा सभासद म्हणून या पुरुषाने आपले आठवडे कसे खर्च केले, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. ती आज करावी असे आम्हांस वाटते.

त्याला कारणही तसेच आहे. लोकप्रतिनिधीच्या कामाची एक विचित्र वाटणी अलीकडे सर्वमान्य होऊन बसली आहे. रस्ता, गटार, पाण्याची टाकी आणि स्मशानाची शेड हे खासदाराचे काम. आणि युद्ध, तह, व्यापार, शेजारी राष्ट्रे ही दिल्लीतील चारदोन मंत्र्यांची आणि सचिवांची मिरास. मतदारही याच मापाने माप घालतो. गावच्या लग्नाला आला तो चांगला खासदार. सभागृहात अभ्यास करून बोलला त्याची बातमीही त्याच्या कानावर येत नाही. या वाटणीने घरचा कारभार आणि बाहेरचा व्यवहार या दोहोंचे नुकसान होते, हे बाबासाहेबांच्या सभागृहातील कामाकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते.

तहातून निपजलेली छावणी

मुळात महू हे गावच या गोष्टीची साक्ष देते. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. त्या तहानंतर होळकरांच्या मुलखात इंग्रजांची जी छावणी पडली तीच ही महूची छावणी. घरात फूट, बाहेर मित्र नाही आणि समोर कावेबाज शत्रू अशी स्थिती झाली म्हणजे आपल्या अंगणात परक्यांचे तंबू पडतात, हा धडा मराठी माणसाने तेथे घेतला. छावणी मात्र राहिली, आणि स्वतंत्र भारताच्या लष्करी शिक्षणाचे ते एक प्रमुख केंद्र झाले.

याच छावणीत रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ नोकरीस होते. म्हणजे महूला जन्मलेला हा मुलगा कुळाने कोकणचा. लष्कराच्या नोकरीने रामजींना आणि त्यांच्यासारख्या अनेकांना गावात न मिळणाऱ्या दोन गोष्टी दिल्या होत्या: अक्षरओळख आणि ताठ मान. पुढे इंग्रजी राज्यकर्त्यांच्या मनात वायव्य सरहद्दीवरील रशियाच्या चढाईचे भय बळावले, लढवय्या आणि बिनलढवय्या जातींचे शास्त्र रचले गेले, आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. सिमल्याला बसून ठरलेल्या सरहद्दीच्या धोरणाने दापोली-मंडणगडच्या महारवाड्यांतील चुली थंडावल्या. १९४१ साली दुसऱ्या महायुद्धाची निकड लागली तेव्हा बेळगाव येथे महार रेजिमेंट उभारण्यात आली. त्यासाठी झटणाऱ्यांत बाबासाहेब अग्रभागी होते. परराष्ट्रीय धोरण नावाची वस्तू आपल्या उंबरठ्यापर्यंत कशी येते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२७ चे चार आठवडे

मुंबई कायदेकौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून बाबासाहेबांनी १९२७ च्या फेब्रुवारीत प्रवेश केला. वय ३५ वर्षांचे. सरकारने नेमलेला सभासद म्हणजे सरकारच्या बाजूने हात वर करणारा, असा त्या काळचा साधारण समज. या नव्या सभासदाने पहिल्या चार आठवड्यांत काय केले ते पाहण्यासारखे आहे.

२४ फेब्रुवारीला त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. प्राप्तिकर घेताना सरकार माणसाची ऐपत पाहते. पण शेतसारा घेताना एका एकराचा धनी आणि हजार एकरांचा धनी यांना एकच न्याय लावते, हा अन्याय त्यांनी आकड्यांनिशी मांडला. १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानाची मागणी आली. शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. लोकांना दारू पाजून मिळविलेला पैसा निदान त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी तरी खर्च करा, असा त्याचा रोख होता. आणि त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते.

हा क्रम योगायोगाचा म्हणता येईल. पण त्यातील संगती योगायोगाची नव्हे. ज्या कौन्सिलात ते बसत होते त्याच कौन्सिलाने ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही त्याला मान देऊन तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सर्व काही झाले होते. तळ्याच्या पाण्याला मात्र कोणाचा हात लागला नव्हता. सभागृहाने केलेला ठराव गावात पोचला की नाही हे पाहणे हेसुद्धा सभासदाचेच काम आहे, हे बाबासाहेबांनी ओंजळभर पाण्याने दाखविले. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबईच्या उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. हे आमच्या किनाऱ्यावर घडले, आणि आमच्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी त्या दिवशी तळे बाटले म्हणून ते घागरी ओतून शुद्ध करून घेणाऱ्यांची बाजू घेतली, हेही विसरून चालणार नाही.

मातृत्वाच्या काळात गिरणीतील स्त्रीकामगाराला रजा आणि वेतन मिळावे या विधेयकाला त्यांनी १९२८ साली दिलेला पाठिंबा, महारवतनाच्या बेड्या तोडण्यासाठी त्याच वर्षी आणलेले विधेयक आणि विरोध वाढताच ते मागे घेण्याची आलेली पाळी, ही सर्व त्याच चिवट मालिकेतील पाने होत. वतनाचा तो प्रश्न सुटण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. तेव्हा ते हयात नव्हते. लोकप्रतिनिधीच्या कामाचे फळ त्याच्या मुदतीत पदरात पडतेच असे नाही.

खोतीचा प्रश्न

कोकणच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण खोतीचे. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याचा काही भाग यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला. सारा तो भरी आणि कुळाकडून त्याच्या कित्येक पट वसूल करी. शिवाय वेठ वेगळी. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा जो संप चालविला, त्याच्या मुळाशी हेच दुःख होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांना वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि कुळांचा सरकारशी थेट संबंध जोडावा, असे त्याचे स्वरूप होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले, ते याच मागणीसाठी. विधेयक संमत झाले नाही. सत्तेवर असलेल्या पक्षाने त्याला वाट दिली नाही. परंतु १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, तेव्हा त्याची दिशा बारा वर्षांपूर्वीच्या त्या खाजगी विधेयकाने दाखविली होती तीच होती.

येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. आज भातखाचराच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत अशी कित्येक कुणबी, आगरी, भंडारी, मराठा घराणी त्या विधेयकाच्या बाजूने उभी राहिली होती. जातीच्या पुढाऱ्याचा शिक्का मारून ज्यांना एका कोपऱ्यात बसविण्याची आपल्याकडे रीत पडली, त्यांनी सभागृहातील आपला आठवडा सर्व कुळांसाठी खर्च केला होता.

१९५४ चे तीन आठवडे

आता सत्तावीस वर्षे पुढे जाऊ. दरम्यान बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळून, घटनासमितीचे काम आटोपून, स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री होऊन सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले होते. हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे त्या राजीनाम्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. परंतु ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात परराष्ट्रीय धोरण हेही एक कारण होते. देशाच्या ३५० कोटींच्या वार्षिक उत्पन्नापैकी १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, आणि मित्र न जोडणाऱ्या धोरणामुळे हा भार एकट्या भारताला वाहावा लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. आणखी एक गाऱ्हाणे त्यांत होते, ते आज विशेष मननीय वाटते. परराष्ट्रव्यवहार आणि संरक्षण यांच्या मंत्रिमंडळ समित्यांवर आपणांस कधीच घेतले नाही, त्यामुळे धोरण ठरताना आपणांस काहीच कळत नसे, असे त्यांनी म्हटले होते. खुद्द मंत्र्याची ही अवस्था, तर मागच्या बाकावरील सभासदाची कथा काय!

लोकसभेच्या निवडणुकीत १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. ते राज्यसभेत बसत होते. पाठीशी बहुमत नाही, प्रकृती खालावलेली, मधुमेहाने शरीर पोखरलेले. अशा स्थितीत १९५४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील त्यांचे काम पाहावे.

२६ ऑगस्टला राज्यसभेत आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर चर्चा होती. त्याच वर्षी २९ एप्रिलला तिबेटसंबंधी चीनशी करार झाला होता आणि पंचशीलाचा गजर देशभर चालू होता. बाबासाहेबांनी त्या गजरात सूर मिसळला नाही. पंचशील हा बौद्ध धर्माचा शब्द आहे, तो मला ठाऊक आहे. परंतु माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळे वागविले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ल्हासावरील चीनचा ताबा मान्य करून आपण चीनला आपल्या सरहद्दीवर आणून बसविले, हा इशारा त्यांनी दिला. आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, हिमालयात काय घडले ते सांगावयास नको.

त्याच भाषणात गोव्याचा प्रश्न होता. अकरा दिवसांपूर्वीच, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, आमच्या याच किनाऱ्यावर सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला होता. एखादी छोटी पोलिसी कारवाईही गोवा घेण्यास पुरेशी आहे, सरकार मात्र नुसते तोंडाने ओरडते आहे, असा टोला बाबासाहेबांनी लगावला. गोवा मुक्त होण्यास १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. मधल्या काळात, १९५५ च्या सत्याग्रहात, निःशस्त्र माणसांनी पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलल्या.

या भाषणातील प्रत्येक निष्कर्ष काळाने खरा ठरविला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आग्नेय आशियाच्या संरक्षणासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने होऊ घातलेल्या सिआटो कराराकडे त्यांचा कल अनुकूल होता. तो करार त्यानंतर दोनच आठवड्यांत मनिला येथे झाला. पण ती संघटना व्हिएतनामच्या युद्धात निष्प्रभ ठरली आणि १९७७ साली विसर्जित झाली. तिच्यात सामील न होण्याचा नेहरूंचा निर्णय शहाणपणाचा होता, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुद्दा कोण बरोबर आणि कोण चूक हा नव्हे. बाबासाहेबांनी देशांची नावे, करारांची कलमे आणि नकाशा समोर ठेवून सरकारला प्रश्न विचारले, आणि ज्यांच्याशी त्यांचा उभा दावा होता त्या सत्ताधारी पक्षाला उत्तर देणे भाग पाडले. सभागृह असते ते यासाठी.

आणि हेच गृहस्थ ६ सप्टेंबरला, म्हणजे दीडच आठवड्याने, त्याच सभागृहात अनुसूचित जाती व जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलत होते. पडीक जमिनी अस्पृश्यांना द्याव्यात, आणि त्यासाठी पैसा नसेल तर मिठावरील कर पुन्हा बसवावा, येणारे सुमारे दहा कोटी रुपये गांधीजींच्या नावाच्या निधीत घालून या कामी लावावेत, अशी सूचना त्यांनी केली. गांधीजींशी ज्यांचा आयुष्यभर वाद झाला त्यांनी गांधीजींच्याच नावाने आणि मिठाच्याच कराने ही सूचना करावी, यात त्यांच्या बोचऱ्या विनोदाबरोबरच एक व्यवहारी बुद्धीही दिसते: मागणी करावयाची तर पैसा कोठून यावयाचा हेही सांगावयाचे. पुढच्या आठवड्यांत अस्पृश्यता (अपराध) विधेयक राज्यसभेपुढे आले, तेव्हा त्यातील शिक्षेची आणि अंमलबजावणीची कलमे तपासण्यात ते गुंतले होते. तो कायदा १ जून १९५५ पासून अंमलात आला.

तिबेट, गोवा, पडीक जमीन, मीठ आणि गावकुसाबाहेरचा माणूस. तीन आठवड्यांत एकाच सभासदाच्या टेबलावर हे सर्व कागद होते. घरचे काम आणि बाहेरचे काम अशी फाळणी त्यांनी केली नाही, कारण सैन्यावरील प्रत्येक रुपया शाळेतून आणि शेतातून वजा होतो हे त्यांना १९२७ च्या अंदाजपत्रकापासून कळून चुकले होते.

आमच्या दारातील परराष्ट्रव्यवहार

बाबासाहेब असामान्य होते, त्यांचा दाखला सामान्य खासदाराला कसा लागू करावा, असे कोणी म्हणेल. पण आमच्या किनाऱ्याने असे प्रतिनिधी स्वतःही पाठविले आहेत. राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै यांना निवडून दिले. परराष्ट्रीय धोरणावरील चर्चेत ते उभे राहिले म्हणजे सभागृह कान देऊन ऐके. मूलभूत हक्कांसंबंधीच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी १९६७ साली त्यांनी खाजगी विधेयक मांडले. जानेवारी १९७१ मध्ये ते अकाली गेले. त्याच वर्षी झालेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तीच दिशा धरली. त्यांच्या मागून वीस वर्षे त्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या प्रा. मधु दंडवत्यांनीही कोकण रेल्वेचा ध्यास आणि देशाच्या अर्थनीतीची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच निष्ठेने केल्या.

आणि आज तर परराष्ट्रव्यवहार आमच्या अंगणातच येऊन बसला आहे. पालघरचा खलाशी गुजरातच्या बोटीवर कामाला जातो, समुद्रातील अदृश्य रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानी गस्तीनौका त्याला पकडते, आणि त्याची बायको-मुले महिनोन् महिने त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. २००८ च्या करारान्वये दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत नाव आले तर निदान माणूस जिवंत असल्याचे कळते. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूसची आयात बंद केली आणि ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. मधल्या काळात फटका बसला तो रत्नागिरी-देवगडच्या बागाईतदारांना. जैतापूरजवळ माडबनला अणुवीजप्रकल्प करण्याचा करार फ्रान्सच्या कंपनीशी डिसेंबर २०१० मध्ये झाला, त्यात जमीन गेली ती राजापूर तालुक्यातील शेतकऱ्यांची. मासेमारीच्या अनुदानांवर जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये जिनिव्हात करार केला. आखातात युद्धाचे ढग जमले की कोकणातील आणि गोव्यातील कित्येक घरांत टेलिफोनची घंटा वाजण्याची वाट पाहिली जाते. हे प्रश्न घरचे म्हणावयाचे की बाहेरचे?

आपल्या घटनेप्रमाणे परराष्ट्रांशी तह करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि प्रत्येक तहाला संसदेची आगाऊ संमती घेतलीच पाहिजे असे बंधन नाही. देशाचा भूभाग दुसऱ्याला द्यावयाचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते, असे बेरुबारी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली सांगितले. बाकीचे तह सरकार करून मोकळे होते. अशा स्थितीत प्रश्न विचारणारा सभासद हाच काय तो मतदाराचा पहारेकरी. तो झोपला तर पहारा संपला.

आठवड्याचा हिशेब

खासदाराच्या हाती साधने नाहीत असे नाही. लोकसभेत दररोजच्या प्रश्नोत्तराच्या तासाला वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरांसाठी घेतले जातात. खात्यांचे गट पाडून प्रत्येकाला आठवड्यातील वार नेमून दिलेला असतो, त्यात परराष्ट्रखातेही येते. दर शुक्रवारचे अखेरचे अडीच तास खाजगी सभासदांच्या विधेयकांना आणि ठरावांना राखलेले असतात. १९९३ पासून खात्यांवर देखरेख करणाऱ्या स्थायी समित्याही आहेत. ही साधने वापरली जातात किती, हा प्रश्न आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर अवघी चौदा खाजगी विधेयके कायदा होऊ शकली आणि त्यातले शेवटचे १९७० सालचे आहे. शुक्रवारी दुपारी सभासद मतदारसंघाची गाडी पकडतात आणि बाके ओस पडतात.

त्याहून गंभीर बाब बैठकांची. १९५२ ते १९५७ च्या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेच्या २७४. साथीच्या रोगाने काही दिवस खाल्ले हे खरे. पण उतरण त्याच्या फार पूर्वीपासून लागली आहे. घटनेच्या कारभाराचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ साली लोकसभेच्या किमान १२० आणि राज्यसभेच्या किमान १०० बैठका दरवर्षी व्हाव्यात अशी शिफारस केली होती. कोणत्याही पक्षाच्या सरकारने ती मनावर घेतली नाही. राज्यांच्या विधानसभांविषयी न बोललेलेच बरे.

खासदारांची बाजूही आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. पंधरा-वीस लाख मतदारांचा एक प्रतिनिधी. त्याच्या दारी बदलीपासून इस्पितळातील खाटेपर्यंत सर्व गाऱ्हाणी येतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याच्या मताला पक्षाच्या आदेशाचा लगाम बसला. खासदार निधीची योजना १९९३ साली आली, २०११ पासून ती वर्षाला पाच कोटींची झाली, आणि कायदे करावयास पाठविलेला माणूस कामांच्या मंजुऱ्या वाटीत बसला. हे सर्व खरे. परंतु पक्षाचा आदेश मतदानाला लागू होतो, अभ्यासाला नाही. प्रश्न विचारण्यास, अहवाल वाचण्यास, समितीच्या बैठकीला वेळेवर हजर राहण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. १९५४ साली बाबासाहेबांच्या पाठीशी बहुमत नव्हते, निधी नव्हता, प्रकृतीही नव्हती. अभ्यास होता.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अधिवेशन चालू असताना दर आठवड्याला प्रत्येक खासदाराने आणि आमदाराने आपल्या मतदारांसाठी एक पानाचा हिशेब प्रसिद्ध करावा: किती दिवस हजर होतो, कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर काय बोललो, आणि बाहेरच्या जगातील कोणत्या घडामोडीचा आपल्या मतदारसंघावर काय परिणाम होणार आहे. वर्षाला १२० बैठकांचे बंधन कायद्याने घालावे. आणि परकी राष्ट्रांशी होणारे महत्त्वाचे करार सह्या होताच संसदेपुढे ठेवून त्यांवर चर्चेसाठी दिवस राखून ठेवावा. यांपैकी पहिल्या गोष्टीला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. आणि मतदाराने हा हिशेब मागण्याची सवय लावून घ्यावी. गावात सभामंडप बांधून दिला म्हणून हारतुरे घालणाऱ्यांनी, मासेमारीच्या करारावर तुम्ही काय बोललात, हेही एकदा विचारावे. प्रश्न विचारणारे मतदार असले तरच प्रश्न विचारणारे खासदार निपजतात.

महूच्या स्मारकावर जाणाऱ्यांनी अवश्य जावे, पुतळ्याला हार अवश्य घालावा. मात्र परतीच्या गाडीत बसल्यावर मागच्या अधिवेशनातील आपल्या आठवड्यांचा जमाखर्च एकदा स्वतःशी मांडून पाहावा. तो मांडताना ज्याला संकोच वाटणार नाही, त्याचाच नमस्कार बाबासाहेबांपर्यंत पोचला असे आम्ही समजू.